सांडव्यावरची जाळी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

धरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोयना उभी राहते, नाहीतर जायकवाडी. पावसाळ्यात दरवाजे उघडले की वर्तमानपत्रात फोटो येतात, माणसे मुद्दाम गाड्या काढून पाणी पाहायला जातात. मी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षे काढली. माझा अनुभव असा की मोठ्या धरणाची काळजी करायला पुष्कळजण असतात. तिथे अभियंता असतो, चौकीदार असतो, पाण्याची पातळी दर तासाला कुठेतरी कळवली जाते. मला धास्ती वाटायची ती लहान धरणांची. त्यातही ज्यांचे मूळ काम संपले आहे आणि आता केवळ नौकाविहार, मासेमारी नि रविवारची सहल एवढ्यापुरते जे पाणी उरले आहे, त्या मातीच्या बांधांची. अशा एका बांधाची गोष्ट आज सांगायची आहे. ती अमेरिकेतली आहे आणि तिला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. तरीही धरण सुरक्षेचा विचार करणारा माणूस जगात कुठलाही असो, तो फिरून फिरून तिच्यापाशी येतो.

पेनसिल्व्हेनिया राज्यात अ‍ॅलेघेनी नावाच्या डोंगररांगा आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग या दोन शहरांना जोडणारा जलमार्ग राज्य सरकारने काढला. डोंगराच्या दोन्ही अंगांना कालवे होते आणि मधला डोंगर ओलांडायला रुळांचा चढ. पश्चिमेकडचा कालवा जॉन्सटाउन या गावापासून सुरू होई. उन्हाळ्यात त्याला पाणी कमी पडे, म्हणून गावाच्या वर चौदा मैलांवर, साउथ फोर्क नावाच्या ओढ्यावर मातीचे धरण बांधायचे ठरले. 1840 च्या सुमारास काम सुरू झाले, मग राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला, काम वर्षानुवर्षे बंद पडले आणि धरण पुरे झाले ते 1853 साली. पुढच्याच वर्षी, 1854 मध्ये, रेल्वेने स्वतःच्या रुळांवरून डोंगर ओलांडला. कालव्याची गरजच संपली. ज्याच्यासाठी धरण बांधले ते धरण होईपर्यंत उरलेच नाही, हा अनुभव फक्त आपल्याकडचाच आहे असे कोणी समजू नये.

धरण मात्र चांगले बांधले होते, हे सांगायला हवे. उंची बहात्तर फूट, लांबी नऊशे फुटांहून थोडी जास्त. चिकणमातीचे थर एकावर एक घालून, ते पाण्याखाली मुरवून, दाबून केलेला भराव. वरून दगडाचे अस्तर. तळाशी दगडी मोरी आणि तिच्यात दोन-दोन फूट व्यासाचे पाच बिडाचे नळ, म्हणजे वाटेल तेव्हा तलाव खाली करता येईल. एका टोकाला खडक फोडून काढलेला सांडवा.

इथे मातीच्या धरणाचे मर्म थोडक्यात सांगतो. शेतकऱ्याला ते सांगायची गरज नाही, कारण शेताचा बांध आणि मातीचे धरण यांचा धर्म एकच. माती पाणी अडवू शकते, पण पाणी माथ्यावरून वाहू लागले तर माती टिकत नाही. काँक्रीटच्या किंवा दगडी धरणावरून पाणी गेले तर एखादे वेळी ते निभावून जाईल. मातीच्या धरणावरून गेले तर पाणी मागच्या उताराची माती खरवडत खरवडत माथ्यापर्यंत येते आणि मग काही मिनिटांचा खेळ उरतो. म्हणून मातीच्या धरणाला दोन गोष्टी प्राणासारख्या असतात. एक, सांडवा, जो जास्तीचे पाणी बाजूने काढून देतो. दुसरी, तळची मोरी, जिच्यातून धोका दिसला की पाणी आधीच उतरवता येते. आणखी एक बारीक गोष्ट. भराव बसतो, म्हणजे वर्षानुवर्षे थोडा थोडा खचतो, आणि जिथे उंची जास्त तिथे, म्हणजे मधोमध, सर्वांत जास्त बसतो. म्हणून मधला भाग मुद्दाम किंचित उंच ठेवतात. उद्या पाणी वरून गेलेच, तर ते कडेने जावे, मधोमध जाऊ नये, हा त्यातला हेतू.

साउथ फोर्कच्या धरणातून या तिन्ही गोष्टी एकेक करून काढून घेतल्या गेल्या. वाईट हेतूने कोणी काही केले नाही. प्रत्येकाला त्या त्या वेळी जे सोयीचे वाटले ते त्याने केले, एवढेच.

1857 मध्ये राज्याने सगळा जलमार्ग पेनसिल्व्हेनिया रेल्वे कंपनीला विकला, त्यात हे धरणही गेले. रेल्वेला धरणाशी कर्तव्य नव्हते. 1862 मध्ये तळच्या मोरीपाशी भराव फुटला. तलाव तेव्हा अर्धाच भरलेला होता, खाली फारसे नुकसान झाले नाही, आणि कोणी दुरुस्तीही केली नाही. भगदाड पडलेला बांध सतरा वर्षे तसाच राहिला. 1875 मध्ये जॉन रायली या काँग्रेस सदस्याने तो अडीच हजार डॉलरला घेतला. त्याला त्याचे काय करावे ते सुचेना. त्याने तळचे बिडाचे नळ उपसून भंगारात विकले, आणि चार वर्षांनी धरण व जमीन दोन हजार डॉलरला बेंजामिन रफ या गृहस्थाला देऊन टाकली. पाचशे डॉलरचा तोटा भंगाराने थोडाफार भरून निघाला असेल.

रफ हा रेल्वेच्या बोगद्यांची कंत्राटे घेतलेला माणूस. त्याच्या डोक्यात वेगळीच कल्पना होती. पिट्सबर्ग तेव्हा पोलाद आणि कोळशाच्या धुराने काळवंडलेले शहर. तिथल्या धनिकांना उन्हाळ्यात चार दिवस मोकळ्या हवेत काढायला डोंगरात एक तळे असले तर? 1879 मध्ये ‘साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब’ स्थापन झाला. सभासद जेमतेम साठेक, पण नावे पाहा: अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन, फिलँडर नॉक्स. तळ्याकाठी सत्तेचाळीस खोल्यांचे क्लबगृह झाले, सोळा बंगल्या उठल्या, शिडाची होडकी आली, वाफेवर चालणाऱ्या लहान नौका आल्या. डोंगरमाथ्यावर शिडे हलताना पाहून आसपासच्या लोकांना नवल वाटे.

आणि धरण? रफने भगदाड बुजवले ते दगड, माती, झाडाच्या फांद्या, गवत आणि शेणखत घालून. हे मी अतिशयोक्तीने सांगत नाही, त्या काळच्या नोंदी तशा आहेत. पहिली दुरुस्ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात वाहून गेली, मग पुन्हा केली. एवढ्या सगळ्या खटाटोपात देखरेखीला धरणांची माहिती असलेला एकही अभियंता नव्हता. तळचे नळ पुन्हा बसवले नाहीत. मग क्लबवर जायचा रस्ता धरणाच्या माथ्यावरून होता, आणि समोरासमोर आलेल्या दोन घोडागाड्या तिथून जाईनात. म्हणून माथा दोन-तीन फुटांनी खाली घेतला, म्हणजे तो आपोआप रुंद झाला. नवा भराव बसल्यामुळे मधला भाग आधीच खचलेला होता. शेवटची गोष्ट माशांची. तळ्यात ब्लॅक बास जातीचे मासे आणून सोडले होते. ते पुराबरोबर सांडव्यावरून निसटू नयेत म्हणून सांडव्यावरच्या पुलाखाली लोखंडी जाळ्या बसवल्या.

आता हिशेब करा. तळची मोरी नाही, म्हणजे पाणी उतरवायची सोय गेली. माथा खाली आला, म्हणजे सांडव्यात आणि माथ्यात जे अंतर होते ते कमी झाले, सांडव्याची पाणी वाहून नेण्याची ताकद घटली. उरलेल्या सांडव्यावर जाळी. आणि मधोमध खोलगट भाग, पाण्याला वाट दाखवणारा. यातले एकेक काम स्वतंत्र पाहिले तर किरकोळ वाटते. रस्ता रुंद केला यात वाईट ते काय? मासे राखले यात काय चुकले? नोकरीत असताना धरणांची पाहणी करायला मी जायचो तेव्हा मला असेच किरकोळ बदल दिसायचे, आणि प्रत्येकामागे कोणाची तरी अगदी समंजस अडचण असायची. तिथे कोणाला दोष द्यावा हे कळेनासे व्हायचे.

कोणाच्याच हे लक्षात आले नाही असेही नाही. जॉन्सटाउनमध्ये कँब्रिया आयर्न कंपनीचा पोलादाचा प्रचंड कारखाना होता. तिचा प्रमुख डॅनियल मॉरेल याने 1880 मध्ये आपला माणूस जॉन फुल्टन याला धरण पाहायला पाठवले. फुल्टनने दोन दोष नेमके सांगितले: पाणी उतरवायला नळ नाहीत, आणि जुन्या भगदाडाची दुरुस्ती कच्ची आहे, तिथून गळती चालू आहे. रफचे उत्तर आले. फुल्टनच्या पत्रात काही आकडे चुकले होते, ते त्याने आधी पकडले, आणि मग आमच्या या उपक्रमापासून तुम्हाला काही धोका नाही असे बजावून विषय संपवला. अहवालातली एक चूक धरून सगळा अहवाल फेटाळायची ही युक्ती जुनी दिसते. मॉरेलने नीट दुरुस्ती होणार असेल तर खर्चाचा वाटा उचलायची तयारी दाखवली. तीही नाकारली गेली. मॉरेलने मग क्लबचे सभासदत्वच विकत घेतले, निदान आत राहून लक्ष ठेवता येईल म्हणून. 1885 मध्ये तो वारला. 1887 मध्ये रफही गेला. ज्या दोघांना या धरणाची कुंडली ठाऊक होती ते दोघेही दोन वर्षांत संपले.

खालच्या गावात दर पावसाळ्यात ‘धरण फुटणार’ अशी हूल उठायची आणि दर वर्षी धरण शाबूत राहायचे. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतला गुराखी निदान खोटे बोलत होता. इथे लांडगा खरोखरच होता, फक्त तो यायचा थांबला होता.

30 मे 1889 ला संध्याकाळी पाऊस सुरू झाला. त्या भागात इतका पाऊस लोकांना आठवत नव्हता. चोवीस तासांत सहा ते दहा इंच. 31 तारखेला सकाळी क्लबचा अध्यक्ष इलायस उंगर उठला आणि तळे रात्रीत सुमारे दोन फूट चढलेले त्याला दिसले. क्लबवर तेव्हा मलवाहिनी टाकायचे काम चालू होते, तिथले इटालियन मजूर हाताशी होते. त्यांना घेऊन उंगरने धरणाचा माथा नांगरून, माती ओढून तो उंच करायचा प्रयत्न केला. दुसऱ्या टोकाला नवा सांडवा खणायला घेतला, पण तिथली जमीन इतकी टणक की चर गुडघ्याच्या वर जाईना. जाळ्या मोकळ्या करायचा प्रयत्न झाला. तोवर पाण्याबरोबर आलेल्या फांद्या, ओंडके, पालापाचोळा त्यांच्यात असा घट्ट बसला होता की त्या निघेनात.

क्लबच्या कामावर जॉन पार्क नावाचा एक तरुण अभियंता होता, वय जेमतेम बावीस-तेवीस. तो घोड्यावरून दोन मैल खाली साउथ फोर्क गावात गेला आणि जॉन्सटाउनला तार करायला सांगून परत आला. एक विचार त्याच्या मनात येऊन गेला: धरणाच्या टोकाला, जिथे उंची कमी आहे, तिथे आपणच बांध कापला तर? पाणी थोडे सावकाश जाईल. पण कापला की धरण गेलेच, आणि ते आपल्या हाताने गेले असे होईल. कदाचित न कापता वाचेलही. त्याने कापले नाही. मी त्याच्या जागी असतो तर काय केले असते, याचा विचार मी अनेकदा केला आहे. अशी वेळ माणसावर येऊ नये म्हणूनच तळची मोरी असते.

पुण्यातल्या जुन्या माणसांना हे ऐकताना पानशेत आठवेल. 12 जुलै 1961. तिथली कहाणी निराळी, ते धरण नवे होते, अपुरे होते. पण तिथेही पाणी सोडायच्या मोरीचे काम पुरे झालेले नव्हते, मोरीवरचा भराव खचू लागला, आणि लष्कराच्या जवानांनी रात्रभर मातीच्या गोण्या रचून तो धरून ठेवला. त्या गोण्यांमुळे धरण सकाळपर्यंत टिकले, आणि पुण्याला पूर आला तो दिवसाउजेडी.

जॉन्सटाउनलाही पाणी दिवसाच आले, पण सावध कोणी झाले नाही. दुपारपासून दोन-तीन तारा गेल्या. तारा जागोजाग तुटल्या होत्या, निरोप कुठे पोचले, कुठे पोचूनही कोणी मनावर घेतले नाही. गावात तर आधीच नदीचे पाणी घरांत शिरले होते, लोक सामान माडीवर नेत होते. दुपारी तीनच्या सुमारास पाणी मधल्या खोलगट भागावरून वाहू लागलेले होतेच, आणि तीन वाजून दहा मिनिटांच्या आसपास धरण गेले. सुमारे दीड कोटी घनमीटर पाणी दरीत उतरले. आपल्या मापाने हा तलाव मोठा नाही. अर्धा टीएमसी. खडकवासल्यातही त्याच्या कितीतरी पट पाणी मावते. पण जॉन्सटाउन त्याच्याहून साडेचारशे फूट खाली होते.

वाटेतली वस्ती, झाडे, रेल्वेची इंजिने, सगळे उचलत लोंढा खाली आला. ईस्ट कोनमॉ इथे जॉन हेस नावाच्या इंजिनड्रायव्हरला वरून येणारा आवाज कळला. त्याने शिटीची दोरी बांधून टाकली आणि इंजिन मागे पळवत गावाकडे आणले. ती अखंड शिटी ऐकून पुष्कळजण डोंगराकडे धावले. पुढच्या वुडव्हेलमध्ये अशी सूचना कोणालाच मिळाली नाही, तिथल्या अकराशे वस्तीतले तीनशे चौदाजण गेले. तिथेच काटेरी तारेचा कारखाना होता. त्याच्या मैलोगणती तारा लोंढ्यात मिसळल्या आणि त्यांत माणसे अडकली. चार वाजून सात मिनिटांनी पाणी जॉन्सटाउनला भिडले. व्हिक्टर हायझर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाला वडिलांनी तबेल्यातले घोडे सोडायला पाठवले होते. तो तबेल्याच्या छपरावर चढला, आणि तिथून त्याने आपले घर आईवडिलांसकट चिरडताना पाहिले. हा मुलगा पुढे डॉक्टर झाला आणि सार्वजनिक आरोग्याच्या कामात जगभर फिरला.

गावाच्या खालच्या टोकाला रेल्वेचा दगडी पूल होता. तो टिकला, आणि टिकला हीच आपत्ती ठरली. घरे, डबे, झाडे, माणसे यांचा तीस एकरांचा ढीग पुलाच्या कमानींना येऊन अडला आणि संध्याकाळी त्याला आग लागली. पाण्यातून वाचलेली कित्येक माणसे त्या आगीत गेली. एकूण मृतांचा आकडा 2,209 असा नोंदला गेला. नव्व्याण्णव कुटुंबे समूळ नाहीशी झाली. साडेसातशेहून अधिक मृतदेहांची ओळखच पटली नाही. ग्रँडव्ह्यू स्मशानभूमीत त्यांचे निनावी पांढरे दगड आजही रांगेने उभे आहेत. सदुसष्ट वर्षांची क्लारा बार्टन अमेरिकन रेडक्रॉसची माणसे घेऊन पाच दिवसांनी आली आणि ऑक्टोबरपर्यंत राहिली.

मग प्रश्न आला जबाबदारीचा. क्लबवर दावे झाले. क्लबच्या नावावर म्हणावी अशी मालमत्ता नव्हती, आणि सभासद वैयक्तिक जबाबदार ठरेनात. क्लबची बाजू मांडायला नॉक्स आणि त्याचा भागीदार होते. हा नॉक्स पुढे अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री झाला. पाऊस ही देवाची करणी, असे ठरले. कोणालाही एक डॉलर भरपाई द्यावी लागली नाही. कार्नेगीने जॉन्सटाउनला नवे वाचनालय बांधून दिले. आज त्याच इमारतीत या पुराचे संग्रहालय आहे. लोकांनी मात्र सोडले नाही. वर्तमानपत्रांत वर्षभर राळ उडाली. कोणी आपल्या जमिनीत धोक्याची गोष्ट साठवली आणि ती निसटली तर हलगर्जी सिद्ध झाली नाही तरी भरपाई द्यावी, हे तत्त्व इंग्लंडमध्ये 1868 साली एका तलावाच्याच खटल्यात ठरले होते. अमेरिकेतली अनेक न्यायालये ते मानायला तयार नव्हती. ती पुढच्या वर्षांत हळूहळू तिकडे वळली, आणि कायद्याचे अभ्यासक त्यामागे जॉन्सटाउनचाही हात मानतात.

आमच्या व्यवसायाची वागणूक फारशी उजळ नाही. अमेरिकन स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने चौकशी समिती नेमली. तिच्यात जेम्स फ्रान्सिस होता, ज्याच्या नावाचे टर्बाइन आणि ज्याचे सांडव्याचे सूत्र आम्ही सगळे कॉलेजात शिकलो. अहवाल 1890 च्या आरंभी तयार होता, पण तो बाहेर आला 1891 मध्ये. निष्कर्ष असा, की क्लबने बदल केले नसते तरी एवढ्या पावसात पाणी माथ्यावरून गेलेच असते. हे वाक्य सव्वाशे वर्षे टिकले. 2016 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्याच काही संशोधकांनी धरणाच्या उरलेल्या टोकांची आधुनिक साधनांनी मोजणी केली, पाण्याचे गणित नव्याने मांडले, आणि सांगितले की माथा खाली घेतल्यामुळे पाणी बाहेर काढायची क्षमता जवळजवळ निम्म्यावर आली होती. धरण मूळ रूपात राहिले असते तर तो पाऊस त्याने सोसला असता.

या प्रकरणातून अमेरिका लगेच शहाणी झाली असे वाटत असेल तर तसे नाही. 1972 च्या जूनमध्ये साउथ डकोटातल्या रॅपिड सिटी गावात महापूर आला, 238 माणसे गेली. सगळी काही धरणामुळे गेली नाहीत. पण गावातल्या बागेत नौकाविहारासाठी राखलेला कॅनियन लेक नावाचा मातीचा बांध होता, त्याचा सांडवा वाहून आलेल्या कचऱ्याने तुंबला आणि त्या रात्री तोही फुटला. त्याच वर्षी संसदेने धरणांच्या तपासणीचा कायदा केला. तपासणीला पैसे मात्र दिले नाहीत.

मग 1977. जॉर्जिया राज्यात टकोआ इथे एक बायबल महाविद्यालय आहे, त्याच्या आवाराच्या वर एकशे शहाऐंशी फुटांचा धबधबा, आणि धबधब्याच्याही वर केली बार्न्स नावाचे छोटे धरण. चाळीस फुटांच्या आतबाहेर उंची. 1899 मध्ये लाकूड-दगडाचा बांध म्हणून सुरुवात झाली, मग त्यावर वीज करण्यासाठी मातीचा भराव चढत गेला, 1957 पासून वीज बंद, नंतर पाणी उरले ते मौजेपुरते. आराखडे नव्हते. उतार उभट, त्यावर मोठी झाडे वाढलेली. मागच्या उताराची माती घसरल्याचे 1973 च्या एका फोटोत स्पष्ट दिसते. 6 नोव्हेंबरच्या रात्री दीडच्या सुमारास, सगळे झोपेत असताना, ते फुटले. एकोणचाळीसजण गेले, त्यांत निम्म्याच्या आसपास मुले होती. राष्ट्राध्यक्ष कार्टर जॉर्जियाचेच. त्यांनी पाच वर्षे निजून राहिलेला कायदा उठवला आणि माणसांना धोका संभवेल अशा धरणांची तपासणी सुरू करवली. 1981 पर्यंत जवळजवळ नऊ हजार धरणे पाहून झाली. त्यांतली सुमारे एक तृतीयांश असुरक्षित निघाली. आज त्या देशाच्या नोंदवहीत नव्वद हजारांहून अधिक धरणे आहेत, बहुतेक मातीची, निम्म्याहून जास्त खाजगी मालकीची, आणि त्यांच्या उपयोगाच्या रकान्यात सर्वाधिक वेळा लिहिलेला शब्द आहे ‘करमणूक’.

आपल्याकडे खाजगी क्लबांची धरणे नाहीत. पण जुने पाझर तलाव आहेत, गावतळी आहेत, शहर वाढत वाढत ज्यांच्या खाली येऊन बसले असे पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले तलाव आहेत. काठाला बाग होते, होड्या येतात, माथ्यावर फिरायला जाणाऱ्यांसाठी फरशी बसते. तलाव कोणाचा, हे विचारले तर पाटबंधारे, जलसंधारण, जिल्हा परिषद, नगरपालिका अशी बोटे फिरतात. 2 जुलै 2019 ला चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण रात्री फुटले आणि विसाच्या आसपास माणसे मेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. खेकड्यांनी धरण पोखरले असे तेव्हाच्या मंत्र्यांनी सांगितले, आणि राज्यभर चेष्टा झाली. मला त्या चेष्टेत पूर्ण सामील होता आले नाही. खेकडे, घुशी, उंदीर मातीचा बांध पोखरतात हे खरेच आहे. म्हणूनच दर वर्षी पावसाळ्याआधी झुडपे तोडून, उतारावरून चालून, बिळे शोधून ती बुजवायची असतात. खेकडा त्याचे काम दर वर्षी करतो.

2021 मध्ये केंद्राने धरण सुरक्षा कायदा केला. तो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, आणि दहा ते पंधरा मीटरमधल्यांपैकी लांबी, साठा वगैरे काही अटींत बसणाऱ्यांना. साउथ फोर्क त्यात बसले असते. केली बार्न्स बारा मीटरच्या आसपासचे होते, त्याचे ठरवायला अटी तपासाव्या लागल्या असत्या. दहा मीटरच्या खालच्यांना हा कायदा विचारत नाही.

या लहान तलावांवर मासेमारीचे ठेके दिले जातात. माझ्या नोकरीतल्या शेवटच्या काही वर्षांत मी विदर्भात आणि मराठवाड्यात ऐन ऑगस्टमध्ये सांडव्यावर या काठापासून त्या काठापर्यंत बांधलेली नायलॉनची जाळी पाहिली, एकदा नाही, अनेकदा. बीज टाकायला पैसे गेलेले असतात, पहिल्या पुरात मासे निघून गेले तर ठेकेदार बुडतो, त्याचे म्हणणे खोटे नसते. जाळीला बाभळीच्या फांद्या, प्लास्टिकच्या पिशव्या, बेशरमीची झाडे अडकलेली असत आणि जाळीमागे पाणी हातभर चढलेले असे. मी ती सोडायला लावायचो. ठेकेदाराचा माणूस नाखुशीने पाण्यात उतरून गाठी सोडायचा. आमची जीप वळणाआड गेली की त्या पुन्हा बांधल्या जात असतील, अशी शंका मला दर वेळी यायची, म्हणून चहाला बसतो असे सांगून मी तासाभराने एकदा परत फिरून यायचो.